रविवारची अभ्यास बैठक: डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांचे मेंदूसंशोधन

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक आहे. लिफ्ट सुरू आहे.

मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रवींद्रनाथ या हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक-संचालक. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मेंदू संशोधन केंद्र उभारले. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात या केंद्राचे पथक ४५ वर्षांवरील ग्रामस्थांची स्मृती, रक्त आणि मेंदूची स्थिती वर्षानुवर्षे तपासते. लक्ष्य १०,००० जणांचे. स्मृतिभ्रंशावरचे बरेचसे ज्ञान पाश्चात्त्य शहरांतून आले असताना आपल्या खेड्यातला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. चर्चेचा अधिक वेळ त्यालाच देऊ. देशातील सुमारे २० संस्थांच्या ‘जीनोम इंडिया’ या भारतीयांच्या जनुकीय रचनेचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाचे समन्वयनही याच केंद्राकडे होते, त्यावर थोडक्यात बोलू.

कृपया लक्षात घ्या:

- २०१२ मधला त्यांचा अश्वगंधेवरील निबंध वाचून या. तो उंदरांवरचा प्रयोग आहे. त्यावरून कोणीही आपल्या मनाने औषध सुरू करू नये.
- घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्यांनी प्रश्न शुक्रवारपर्यंत लिहून द्यावेत, त्यांना आधी वेळ मिळेल.
- बैठकीत कोणाच्याही आजाराचे नाव घेऊन चर्चा नको.
- ऐकण्याचे यंत्र असेल तर लावून या.

– कार्यवाह