थिएटर उघडतंय, नाटक अजून कुलपात आहे

बेळगाव, दि. २७ सप्टेंबर २०२१

मा. मंत्रिमहोदय,
कन्नड व संस्कृती खाते, कर्नाटक शासन, बेंगळूर

सप्रेम नमस्कार.

येत्या १ ऑक्टोबरपासून थिएटरं पूर्ण क्षमतेने सुरू होणार, ही बातमी शुक्रवारी संध्याकाळी आली आणि आमच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ नि टाळ्यांचे हात पडायला लागले. मी तेवढ्यात अंगणात उकिडवा बसून एक गंगावन झटकत होतो. दीड वर्ष बंद असलेली पत्र्याची ट्रंक त्या दिवशी पहिल्यांदा उघडली होती. वर ठेवलेला पितांबर घडीवर फाटलेला, शालूवर बुरशीची हिरवी रांगोळी, सफेद्याच्या वडीला भेगा. आणि तळाशी, शकुंतलेच्या गंगावनात, उंदरीण व्यालेली. पाच पिल्लं. बायको म्हणाली, राहू देत आता चार दिवस, कुठे लगेच नाटक करूलालाव तुम्ही?

तिचं बरोबर होतं. म्हणूनच हे पत्र.

पत्र मराठीत आहे. कन्नड मला येतं ते बाजारापुरतं आणि भांडणापुरतं. मंत्र्यांना लिहायचं तर भाषा हातातली हवी. आमच्याच मंडळातले एक निवृत्त मास्तर कन्नड तर्जुमा करून सोबत जोडणार आहेत. त्यात काही गोड झालं असेल तर ते त्यांचं, कडू असेल ते माझं.

मी गेली सव्वीस वर्षं हौशी नाटकाच्या मागच्या बाजूला आहे. पडदे, फ्लॅट म्हणजे नेपथ्याच्या भिंती, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, दिवे, वेळ पडली तर प्रॉम्प्टिंग. आमच्या गावात ‘थिएटर’ म्हटलं की सिनेमाचं. नाटक होतं ते रंगमंदिरात, नाहीतर गावात देवळासमोर फळ्या टाकून. शासनाच्या कागदात मात्र दोन्हींना मिळून एकच नियम असतो आणि सगळा घोळ तिथे आहे. सिनेमाच्या थिएटरवाल्याला १ तारखेला झाडलोट करून मशीन चालू करायचं आहे. पिक्चर मुंबईत नाहीतर हैदराबादेत तयार होऊन आलेला असतो. नाटक १ तारखेला कुठून आणायचं? ते अजून कुणाच्या तोंडात नाही, पायात नाही. दोन महिने तालीम केल्याशिवाय ते उभं राहत नाही, आणि तालीम करायला पंधरा माणसांनी एका खोलीत रोज तीन तास ओरडायचं, ही गोष्ट दीड वर्ष गुन्ह्यात जमा होती.

आठवण करून देतो. २०२० च्या १३ मार्चला, शुक्रवारी, राज्य सरकारने जाहीर केलं की उद्यापासून मॉल, थिएटर, समारंभ सगळं बंद, फक्त एका आठवड्यासाठी. आमचा प्रयोग रविवारी १५ मार्चला होता. प्लॅन जवळपास भरला होता, फ्लॅट टेम्पोत चढले होते. आठवडाच आहे म्हणून आम्ही टेम्पोही उतरवला नाही, ताडपत्री टाकून तसाच ठेवला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या सभागृहात तो प्रयोग होता त्यांचं नाव घेत नाही, पण आमची अनामत रक्कम आजतागायत तिथेच आहे. विचारलं की सांगतात, प्रयोग तुम्ही रद्द केलात.

मधे एकदा उघडलंही. यंदा फेब्रुवारीत शंभर टक्के खुर्च्यांना परवानगी मिळाली, आम्ही भोळेपणाने तालमी सुरू केल्या. एप्रिलमध्ये इथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली, १७ तारखेला मतदान. प्रचाराला माणसं किती आणि कशी जमत होती ते गावाने पाहिलं. महिनाअखेर पुन्हा कडीकुलूप. त्या लाटेत आमचे ऑर्गनवाले गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबांनी ऑर्गनचा भाता बदलायला दिला होता, पैसे कुणी द्यायचे? आम्ही दिले. ऑर्गन दुरुस्त होऊन आलाय, वाजवायला माणूस नाही.

तेव्हा तक्रार उघडण्याबद्दल नाही. उघडलंत, आभार. पण नाटक उभं राहायला जे लागतं त्यातलं काय काय अजून बंद आहे, ते सांगू द्या.

पहिली अडचण रात्रीची. रात्रीची संचारबंदी आता दहापासून आहे. शहरातला प्रयोग आम्ही साडेपाचला सुरू करू, प्रेक्षक कुरकुरत का होईना, येतील. गावात काय करायचं? येळ्ळूर, कडोली, कुद्रेमानी, खानापूर तालुक्यातली गावं, इथे यात्रेचं नाटक जेवणंखाणं आटोपल्यावर, दहाच्या पुढे सुरू होतं. पहिला तास तर सत्कारातच जातो. तिसरा अंक रंगात येतो तेव्हा कोंबडा आरवायच्या बेतात असतो. आपण कार्कळचे, यक्षगान या लोकनाट्याच्या मुलखातले. यक्षगानाचे मेळ नोव्हेंबरात बाहेर पडतात ते मे महिन्यापर्यंत गावोगाव रात्र जागवतात, हे मी आपल्याला सांगायला नको. आमच्या जिल्ह्यात श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य तसंच रात्रभर चालतं. ते कन्नड, आमचं मराठी, पण रात्र दोघांची एकच. दहाला सगळं बंद म्हणजे नाटक सुरू व्हायच्या वेळेलाच बंद. पोलिसांच्या परवान्यावर चालणाऱ्या मोकळ्या मैदानातल्या नाटकाला पहाटेपर्यंत मुभा द्या, एवढंच मागणं आहे. उघड्यावर, वाऱ्यावर, दोन हात अंतर ठेवून बसलेला माणूस बंद हॉलमधल्यापेक्षा कमी धोक्यात असतो, हे तर डॉक्टरच सांगतात.

दुसरी अडचण कोगनोळीच्या नाक्याची. तिथे महाराष्ट्रातून येणाऱ्याला बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर दाखवावा लागतो, लशीचे दोन डोस झालेले असले तरी. आमचं नाटक इथलं असलं तरी त्याची हाडं सीमेपलीकडे आहेत. ड्रेपरी, म्हणजे कपडेपट, कोल्हापूरची, साथीला तबलजी मिरजेचा, संगीत नाटक असेल तर नायिकाही कधी तिकडचीच. ती बाई रंगीत तालमीला आली तर एक चाचणी, प्रयोगाला आली तर दुसरी. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि व्यापाऱ्यांना पंधरा दिवसांतून एकदा चाचणीची सवलत आपल्याच सरकारने दिली आहे. तबला वाजवायला येणारा माणूस त्या यादीत बसवायला किती ओळींचं परिपत्रक लागेल? मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांचा प्रश्न तूर्त नाही. महाराष्ट्राने नाट्यगृहं २२ ऑक्टोबरनंतर उघडायचं परवाच जाहीर केलंय, त्यामुळे कोल्हापूर-बेळगाव-गोवा हा दौरा लगेच निघत नाही. म्हणजे पहिले महिना-दोन महिने इथली रंगमंदिरं आम्हा हौशी लोकांच्याच जिवावर. आम्ही नसू तर लग्नं आणि साड्यांचे सेल आहेतच.

एक टक्क्याची अटही अशीच सिनेमाच्या मापाने कापलेली. जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी दर एक टक्क्याच्या आत असेल तरच पूर्ण खुर्च्या. दर वर गेला तर सिनेमावाला त्या दिवसापासून निम्मी तिकिटं विकेल, पिक्चर तोच. आमचा प्रयोग वर्षातून एक, फार तर तीन. तिकिटं विकून झाल्यावर आकडा हलला तर अर्ध्या लोकांना कुणी आणि काय म्हणून परत पाठवायचं? प्रयोगाच्या दहा दिवस आधीचा आकडा धरा आणि त्यानंतर तो बदलू नका, म्हणजे आम्हाला छातीठोक जाहिरात करता येईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते बोलायला मला लाज वाटते. मे महिन्यातल्या पॅकेजमध्ये कलावंतांना ३,००० रुपये जाहीर झाले. आमच्या रंगभूषाकाराने ऑनलाइन अर्ज भरायला घेतला. वय सदुसष्ट, हात थरथरतो, पण दाढी चिकटवताना थरथरत नाही. मदतीला बसलेल्या पोराने विचारलं, कलाप्रकार कोणता लिहू? रंगभूषा असा पर्याय सापडेना. वाद्य वाजवता का? नाही. गाता का? नाही. मग तुम्ही कलाकार कसे? ते उठून घरी आले. पुढच्या वेळी असा अर्ज काढाल तेव्हा पडद्यामागच्या माणसासाठी एक चौकट ठेवा. पैसे नंतर, आधी चौकट.

आणि भाडं. आपल्या खात्याचं कुमार गंधर्व रंगमंदिर आहे. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक हौशी संस्थेला, कन्नड असो वा मराठी, एक प्रयोग आणि एक रंगीत तालीम बिनभाड्याची द्या. रिकाम्या हॉलने दीड वर्षात काही कमावलेलं नाही, अजून चार रविवार नाही कमावले तर खातं बुडणार नाही. फक्त पडदा उघडण्याआधी वायरिंग, डिमर आणि दिव्यांचे वरचे बार एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. माझ्या ट्रंकेत उंदीर शिरले, ते वायरिंगला सोडतात होय?

त्या नावावरून आठवलं. कुमार गंधर्व सुळेभावीचे, याच जिल्ह्यातले. घरची भाषा कन्नड, आडनाव कोमकळी, आणि मराठी नाट्यपदं अशी गायली की ऐकणाऱ्याला भाषेची आठवण राहू नये. सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे बाळप्पा कन्नड कंपनी नाटक जगवत शंभरी ओलांडून २०१७ साली गेले. आणि त्याच तालुक्यातलं गुर्लहोसूर, जिथे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले आणि १८८५ साली वारले. मधल्या बेचाळीस वर्षांत त्यांनी मराठी संगीत नाटक उभं केलं. तेही जाऊ द्या. त्याआधी, १८४२ मध्ये, आपल्या किनाऱ्यावरची, होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली होती. तो खेळ पाहून सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांना वाटलं की असं काही मराठीत व्हावं, त्यांनी ते विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि पुढच्या वर्षी सीतास्वयंवर झालं. मराठी नाटक जन्माला आलं ते तुमच्या यक्षगानाच्या मांडीवर. कागलच्या अलीकडे-पलीकडे तेव्हा कुणी चाचणीचा दाखला मागत नव्हतं म्हणून बरं.

हे मी आपल्याला खूश करायला लिहीत नाही. सीमाभागात मराठी माणूस काही मागायला गेला की समोरचा आधी खुर्ची मागे सरकवतो, काय भानगड आहे ते बघू म्हणून. भानगड काही नाही. संगीत शाकुंतल पुण्यात पहिल्यांदा झालं ती तारीख ३१ ऑक्टोबर १८८०. सीतास्वयंवराची तारीख ५ नोव्हेंबर, आमचा रंगभूमी दिन. या दोन तारखांच्या मधे १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, येतो. त्या दिवशी या गावात कोण काय करतं ते आपल्यालाही माहीत आहे, मलाही. त्याबद्दल हे पत्र नाही. त्याच्या चार दिवस पुढच्या तारखेबद्दल आहे.

यंदा ५ नोव्हेंबरला पाडवा आलाय. १५ मार्चला राहिलेला प्रयोग त्या संध्याकाळी करायचा असं आम्ही काल रात्री ठरवलं. शकुंतला करणाऱ्या मुलीचं दरम्यान लग्न झालं, ती हुबळीला असते, पण येते म्हणाली. कण्व करणाऱ्यांना जिना चढताना धाप लागते, कोरोनानंतरची. त्यांच्यासाठी आश्रमाची लेव्हल सहा इंच खाली घेतली आहे. ऑर्गनला मिरजेहून एक पोरगा मिळतोय. वय एकोणीस. त्याला नाक्यावर अडवू नका.

परवाना, वेळ, चाचणी आणि भाडं, यांतलं आपल्या खात्याच्या हातात काय आणि महसूल-आरोग्याच्या हातात काय, हे मला नीटसं कळत नाही. आपल्याला कळतं. दसऱ्यापर्यंत उत्तर आलं तर आम्हाला जाहिरात छापता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हौशी रंगभूमीचा एक बॅकस्टेजवाला, बेळगाव

ता. क. : १५ मार्चच्या तिकिटांचे पैसे आम्ही परत देऊ केले तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी घेतले नाहीत, होईल तेव्हा बघू म्हणाले. तीच तिकिटं ५ नोव्हेंबरला चालणार आहेत. पहिल्या रांगेतली दोन माझ्याकडे आहेत. आपण येणार असाल तर पेनाने तारीख खोडून पाठवतो.