आई, ते ताट परत मांडणीत लाव

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, काल व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे ओट्याच्या कडेला एक ताट, वाटी, पेला वेगळा ठेवलेला दिसला. विचारलं तर तू विषय बदललास. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

तुला झालेला हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला बाधणारा विषाणू, रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा नातीला कुशीत घेतल्याने नाही. वेगळं ठेवायचं ते टूथब्रश, नेलकटर, बाबांचं रेझर. आणि यात तुझी काय चूक? 1994 च्या ऑपरेशनला तुला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. डॉक्टरांना तोच संशय आहे. हा विषाणू सापडला 1989 मध्ये, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांना त्याची तपासणी सक्तीची झाली ती 2001 मध्ये.

बाबा, आईच्या सोनोग्राफीतलं 'फॅटी लिव्हर ग्रेड 2' (यकृतात मध्यम चरबी) वाचून तुम्हाला अण्णाकाका आठवले, हे कळलं मला. त्यांना याच आजारासाठी वर्षभर इंटरफेरॉन या जुन्या औषधाची इंजेक्शनं, सारखा ताप, आणि शेवटी विषाणू होता तिथेच. यकृतात चरबी असली की ते औषध कमी लागू पडायचं, हे खरं आहे. पण आईच्या गोळ्या वेगळ्या आहेत. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर थेट विषाणूची वाढच अडवतात. 12 आठवडे, रोज, एकही दिवस न चुकवता. शंभरात नव्वदहून अधिक जण बरे होतात, चरबी असली तरी. सिरोसिस, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण, असता तर उपचार बदलले असते किंवा जास्त आठवडे चालले असते, पण यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनमध्ये तो नाही. शिवाय तिच्या विषाणूचा प्रकार, जीनोटाइप, 3 आहे; तो स्वतःच यकृतात चरबी साठवतो, त्यामुळे थोडी चरबी त्याच्याबरोबरच उतरेल.

उरलेली मात्र आपल्याला उतरवायची आहे. विषाणू गेला तरी ती यकृत पोखरत राहते, मला खरी काळजी तिची आहे. आई, 78 वरून 72 किलोवर यायचंय, सावकाश. बाबा, संध्याकाळी तलावपाळीला तिला घेऊन जा, आणि परतताना फरसाण आणू नका. गुळवेलाचा काढा आजपासून बंद. त्याने यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतच नोंदल्या गेल्यात. विषाणू कमी होताना साखरही उतरू शकते, तेव्हा घरी मोजत राहा आणि डायबेटिसच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायचंय. अँटीबॉडी तेव्हाही पॉझिटिव्हच येईल, घाबरू नका. बघायचा तो व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती उरलाय ते. त्या आठवड्यात मी ठाण्याला येतेय, रजा टाकली आहे. आई, आपण एकाच ताटात वरणभात खाऊ.

तुमची,
मनू