कॅप्सूल नको, पिशव्या पाठव

ता. आर्वी, जि. वर्धा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि त्यातलं, पोटातल्या जंतूंचा आणि कॅन्सरचा संबंध सांगणारं कात्रण मिळालं. दादाच्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जंतूंच्या, कॅप्सूल पाठवायचं तुझ्या मनात आहे, पण पाठवू नकोस. त्या खाऊन मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो किंवा बरा होतो, असं अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. दादाच्या डॉक्टरांनीही सांगितलं, केमो चालू असताना असलं काही परस्पर घ्यायचं नाही.

कात्रणातलं सगळंच खोटं नाही म्हणा. दादाच्या दुखण्यापायी मी इतकं वाचलंय की घरात म्हणतात, आता दवाखानाच टाका. फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जंतू मुळात तोंडातला, हिरड्यांतला. 2012 मध्ये तो आतड्याच्या गाठींत सापडला आणि 2024 मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी दाखवलं की त्याचीच एक उपजात साधारण निम्म्या गाठींत ठाण मांडून असते. (खर्रा खाणाऱ्यांच्या हिरड्या आठवल्या ना? मलाही आठवल्या. पण तो संबंध कुणी सिद्ध केलेला नाही, तेव्हा पारावर सांगत सुटू नये.) दुसरा ई. कोलाय. तो तुझ्यामाझ्या सगळ्यांच्या पोटात असतो, पण त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि ते पेशींच्या डीएनएवर ओरखडे काढतं. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठी तपासल्याचं प्रसिद्ध झालं. चाळिशीच्या आत आजार झालेल्यांत हे ओरखडे सत्तरीनंतरच्यांपेक्षा 3.3 पट जास्त निघाले. ते पडतात बहुधा लहानपणीच. तरण्या पोरांना हा आजार का होतोय, याचा एक धागा तिथे हाती लागलाय. त्यावरची गोळी मात्र अजून निघालेली नाही.

खाण्याचं म्हणशील, तर चोथा खरा. भाकरी, डाळ, आंबाडीची भाजी यांतलं जे आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. ज्वारी आता आपल्याकडेही कमी झाली, सोयाबीन आलं आणि ताटात गव्हाची पोळी. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

पण दादाच्या आजारात जंतूंचा वाटा किती, ते देव जाणे. मूळव्याधीच्या पाटीचा वाटा मात्र मला ठाऊक आहे. आपल्या रस्त्याला दर दोन गावांआड ती पाटी दिसते: मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज. शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा दादा असल्याच एकाकडे गेला. त्याने वर्षभर पुड्या दिल्या, मलम दिलं, पैसे घेतले. बोट घालून तपासलं एकदाही नाही. दादाची गाठ गुदद्वारापासून इतकी जवळ होती की बोटाला सहज लागली असती. नागपूरला पहिल्याच दिवशी लागली. तेव्हा तो 47 वर्षांचा होता. किरणं, केमो आणि मग ऑपरेशन. गुदद्वार काढावं लागलं, म्हणून पोटावर शौच गोळा करणारी पिशवी कायमची.

वहिनी पिशवी बदलतात ते तू बघायला हवंस. पोटावरचं ते आतड्याचं तोंड गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलसर. मापाच्या कागदाने मोजायचं, पिशवी जिच्यावर बसते त्या चिकट चकतीला छोट्या कात्रीने तेवढंच भोक पाडायचं. भोक मोठं झालं तर शौच कातडीला लागून ती सोलवटते, लहान झालं तर तोंडाला काचतं. कातडी कोरडी करून चकती तळहाताने दाबून धरायची, म्हणजे उबेने डिंक धरतो. मे महिन्यात आपल्याकडच्या 45 अंशांत घामाने तो डिंकच सुटतो. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, पण पिशव्या आम्ही विकतच आणतो.

दादा आता हे चारचौघांत बोलतो, हे मला जास्त मोठं वाटतं. बचत गटाच्या बैठकीत त्याने सदरा वर करून पिशवी दाखवली. बाया आधी पदर तोंडाला लावून बसल्या, मग एकेक प्रश्न निघाला. बाहेर पडताना शेजारच्या गावचा एक जण मागून आला, "भाऊ, मलेबी तसंच रक्त पडते, कोणाले सांगू?" त्याला आम्ही सेवाग्रामला नेलं. त्याची खरंच मूळव्याध निघाली. निघू दे की!

आता तालुक्याला अर्ज द्यायचा आहे. सरकारी तपासणीत तीस वर्षांपुढच्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख बघतात, आतड्याचं काहीच नाही. आम्ही दुर्बिणीची मशीन मागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात "रक्त पडतं का" एवढं विचारावं, बोटाने तपासावं, गरज पडली तर पुढे चिठ्ठी द्यावी आणि पिशव्या योजनेत घ्याव्यात. गाठीची एमएमआर तपासणी, म्हणजे पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलीय का ते बघणं, सगळ्यांची व्हावी, हेही लिहिलंय. 2022 मध्ये न्यूयॉर्कला ज्या 12 जणांच्या गाठी नुसत्या डोस्टार्लिमॅब या औषधाने, बिनाऑपरेशन गेल्या, ते सगळे त्याच बिघाडाच्या प्रकारचे होते. असे रुग्ण शंभरात पाच-दहाच, दादा त्यांत नाही, आणि औषधाची किंमत ऐकून घाम फुटतो. पण तपासलंच नाही, तर कोण त्यातला हे कळणार कसं?

सख्ख्या भावाला झाला की आपण चाळिशीला, किंवा त्याच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा आतड्यात दुर्बीण घालून तपासून घ्यायचं. मीही घेतलं. दुर्बीण काहीच नाही रे, आदल्या रात्रीचं पोट साफ करायचं ते खारट पाणी! बादलीभर पी आणि संडासापासून दहा पावलांवर मुक्काम कर. एक कोंब (पॉलिप) सापडला, तिथल्या तिथे काढला. तो तसाच राहिला असता तर कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं घेतली असती, म्हणून तर ही तपासणी उपयोगाची.

तुझ्या वडिलांना काय झालं होतं, ते नीट कळलंच नव्हतं ना? काकूंना एकदा विचार, आणि तुझ्या डॉक्टरांशी बोल.

कॅप्सूलच्या पैशांत पुण्याहून पिशव्या घे. 57 मि.मी.ची चकती, खालून उघडणारी पिशवी. तूर निघायच्या आत मिळाल्या तर बरं, मग दादा शेतातून हलत नाही. वहिनींनी काकूंना नमस्कार सांगितलाय.

तुझा,
विलास