मागची खोली पाडू नका

ती. आई आणि नाना यांना सा. न.

नाना, फोनवर तुम्ही म्हणालात की आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मागची धाब्याची, म्हणजे मातीच्या छताची, खोली पाडायची आणि तिथं पत्र्याचं शेड टाकायचं. तेव्हा मी गप्प बसले, कारण सगळं सांगायला वेळ लागला असता. ती खोली मला हवी आहे, गाणी रेकॉर्ड करायला.

"ही पोर खुळी शे का काय!" हे आईचं वाक्य मला इथं पुण्यात ऐकू आलं. वरची स्लॅबची खोली तुम्ही माझ्यासाठीच बांधलीत, हौसेनं फरशी बसवलीत. झोपायला ती छानच. पण तिथं मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी संपली तरी समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती तिला टोलवत राहतात. त्यात खोली अकरा बाय अकरा फूट, आणि उंचीही जवळपास तेवढीच. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबानं अकरा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ५१ हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतले १०२, १५३ असे सूर फुगतात. लांबी, रुंदी, उंची सारखीच असली की तिन्हीकडून तेच सूर फुगणार. नाना, तुमच्यासारखा खर्जातला गळा तिथं लावला तर एक सूर खोलीभर घुमेल आणि त्याच्या शेजारचा पार बसेल. नंतर कॉम्प्युटरवर हे पुरतं निस्तरता येत नाही.

मागची खोली अठरा बाय अकरा, धाबं नऊ फुटांवर. तिचे पहिले फुगणारे सूर ३१, ५१ आणि ६३ च्या आसपास येतात, म्हणजे वरच्या खोलीइतकी एका जागी गर्दी नाही. शिवाय मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी कड्या आणि त्यावर मातीचा थर. आवाज अडवायला वजन लागतं. एवढं वजन आज विकत घ्यायला गेले तर माझे पैसे पहिल्याच भिंतीत संपतील! वरच्या खोलीची खिडकी हायवेकडे, मागच्या खोलीला मात्र गोठ्याकडचं एकच दार. म्हशीचं मी बघून घेईन.

धाकट्यानं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचं सुचवलंय. त्याला म्हणावं, राहू दे. पुठ्ठ्याला वजन नाही, म्हणून बाहेरचा ट्रॅक्टर त्यानं अडत नाही. आणि जाडी नाही, म्हणून आतला खर्ज जिरत नाही. अडवणं हे भिंतीचं काम, जिरवणं हे मऊ, जाड, हवा खेळणाऱ्या वस्तूचं. शहरात त्यासाठी ग्लासवूल आणतात. आपण कापसाच्या मुलखात राहून ते कशाला आणायचं? माळ्यावरच्या जुन्या गाद्या पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या आणि सुती कापडात चार-चार इंच जाड शिवून घ्या. कोपऱ्यांसाठी त्याच्या दुप्पट जाड, कारण खर्ज सगळ्यात जास्त कोपऱ्यातच साचतो. रुईजवळून वायर मात्र एकही जाऊ द्यायची नाही.

गोधड्या आई देशील ना? त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगायच्या आहेत. लोक माइकच्या मागे टांगतात, पण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, त्याला गाणाऱ्याच्या मागची भिंतच ऐकू येते. कंडेन्सर माइक मी आत्ता घेत नाही. तो बारीकसारीक सगळं टिपतो, अगदी गोठ्यातलं रवंथसुद्धा. साधा डायनॅमिक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि हेडफोन, एवढ्यावर सुरुवात. लॅपटॉप आहेच.

आखाजीच्या आधी एवढं कराल? नाना, रात्री खोलीत दिवा लावून दार बंद करा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड येतो तिथूनच आवाज येणार, त्या फटींना रबराची पट्टी लागेल. वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा. ते धड नसलं की रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्‌झची घरघर बसते. आई, तू पहाटे, दुपारी आणि जेवणं झाल्यावर थोडा थोडा वेळ त्या खोलीत गप्प बस. गिरणी, बोअरची मोटर, देवळातला भोंगा, काय कधी ऐकू येतं ते मला सांग. पंखा बंद ठेवूनच. त्या उकाड्यात आपल्याला बहुधा पहाटेच गावं लागणार आहे, आणि दुपारी कुणी माइकसमोर बसेल असं मला वाटतही नाही.

आता दादर ज्वारीच्या कोठ्यांचा प्रश्न. रिकामी कोठी मोठ्या आवाजाबरोबर स्वतःच झणझणते, त्यामुळे त्या तिथं नकोत. वरच्या कोरड्या खोलीत धान्य चांगलं टिकेल. पोती हमाल चढवतील आणि महिन्याचं दळण मी खाली काढून ठेवीन. नाना, तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढायचे नाहीत.

सुरुवात आईपासूनच. झोक्यावरची आखाजीची गाणी, मग श्रावणात कानबाई देवीची. आई, "मला कुठं येतं" हे आधीच ऐकून घेतलंय असं समज. गल्लीतल्या बायकांना आत्ताच सांगून ठेव, पण एका वेळी चौघीच. सगळ्या एकदम आल्या की गप्पाच रेकॉर्ड होतील.

पावसाआधी धाब्यावर माती टाकायला आणि वाळवीचं औषध मारायला माणूस सांगून ठेवा, पैसे मी पाठवते. शेडवाल्याला इसार दिला असेल आणि तो परत देत नसेल तर ते पत्रे गोठ्यावर घाला. गोठा तसाही गळतोय.

तुमची,
बेबी