तिसऱ्या उकळल्या तरी विष जात नाही

महोदय,

तिसऱ्या, कालवं, शिणाणे असे शिंपले नीट शिजवले की भीती नाही, असा समज किनारपट्टीवर घट्ट बसला आहे. जंतूंपुरता तो बराचसा खरा आहे. पण समुद्रातील काही सूक्ष्म शैवाल सॅक्सिटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून ते शैवाल खातो आणि विष त्याच्या मांसात साठते. ते उकळून जात नाही. वास, चवही बदलत नाही. 1983 मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे येथे तिसऱ्या खाऊन एक मुलगा दगावला. 1997 मध्ये केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन सात जणांचा बळी गेला. हा आपलाच पश्चिम किनारा आहे!

खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या तर घरी थांबू नये. या विषावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडण्याआधी रुग्णालय गाठावे लागते.

युरोपात किलोमागे 800 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विष आढळल्यास विक्री थांबवतात. आपल्या खाड्यांतही मत्स्यव्यवसाय विभागाने नियमित तपासणी करावी, निकाल मासळीबाजारात मराठीत लावावेत आणि बंदीच्या दिवसांत शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना भरपाई द्यावी.

– एक वाचक, रत्नागिरी