‘जिप्सी’ऐवजी ‘रोमा’ लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोप सहलीच्या लेखाशेजारी ‘जिप्सी बायकांपासून पर्स सांभाळा’ अशी चौकट छापली आहे. पर्स जरूर सांभाळावी. मी पॅरिसला सांभाळते, तशी स्वारगेटलाही. पण त्यासाठी अख्ख्या समाजाचं नाव कशाला?

आणि तेही त्यांनी स्वतः न घेतलेलं. हे लोक, म्हणजे मूळचे भारतातून युरोपात गेलेले रोमा, इजिप्तहून आले, या गैरसमजातून ‘इजिप्शियन’चं इंग्रजीत ‘जिप्सी’ झालं. मी पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं. ‘त्सिगॉयनर’ (Zigeuner) हा शब्द मीही फळ्यावर लिहिला आणि ‘म्हणजे जिप्सी’ असं सांगून पुढे गेले. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ ग्रीक ‘अथिंगानोई’त शोधतात, म्हणजे शिवायचं नाही असे, हे निवृत्तीनंतर वाचलं आणि जीव चरकला. महाराष्ट्रात तरी याचा अर्थ फोड करून सांगायला नको. नाझींच्या आउशवित्स छळछावणीत याच शब्दाचं ‘झेड’ हे आद्याक्षर रोमा कैद्यांच्या हातावर क्रमांकाआधी गोंदवत. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या रोमांच्या छावणीत उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना गॅसने मारलं. त्यात बायका, मुलं, म्हातारीच जास्त.

मुलगी जर्मनीत मानहाइमला असते. तिथे कपडे अल्टर करणाऱ्या एका छोट्या दुकानात मी नातवाला “पाणी पी रे” म्हणून दटावलं, तर जावयाच्या पँटला टाचण्या लावणारी बाई थबकली. “पानी?” ती मॅसिडोनियातली रोमनी, म्हणजे रोमा बाई. मग तिने नाकाला बोट लावलं: “नाख.” कान ओढून “कान.” दात दाखवत “दांद.” आकडेही मोजले: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. सातला आमची गाडी अडली, कारण एफ्ता, ओख्तो, एन्या हे वाटेत ग्रीकांकडून घेतलेले. दहाला पुन्हा “देश” म्हणजे आपलं दश! पँट राहिली बाजूलाच.

८ एप्रिल १९७१ ला लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी काँग्रेसने ‘रोमा’ हेच नाव पुढे केलं. पुरुष तो रोम, बाई ती रोमनी, अनेक ते रोमा, भाषा रोमानी. रोम शहराशी किंवा रुमानियाशी या नावाचा संबंध नाही. आपल्या बातम्यांत तो घोळही दिसतो. इंग्लंडमधले काही जण स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात, तिथल्या जनगणनेतही तो रकाना आहे. त्यांनी खुशाल म्हणावं. मारुतीच्या गाडीचं नाव बदला असंही मी म्हणत नाही, आणि पाडगावकरांच्या ‘जिप्सी’ला तर हातच लावायचा नाही.

बातमीत आणि लेखात मात्र ‘रोमा’ लिहावं. ती चौकट पुन्हा छापणार असाल, तर नुसतं ‘पर्स सांभाळा’ पुरे.

आपली,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका, कोथरूड, पुणे