दिव्यांचा अर्थ वॉचमनलाही कळू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बॅकअप म्हणजे क्लाऊड असंच हल्ली सगळे धरून चालतात, पण पुण्यातल्या बऱ्याच सर्व्हर रूममध्ये कोपऱ्यात अजून टेप लायब्ररी, म्हणजे डेटाच्या प्रती चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवणारं मशीन, घरघरत असते. खराडीला मी ज्या ऑफिसची सिस्टीम बघतो तिथेही आहे. २४ टेपांचे खण, आणि आत एक रोबोटचा हात जो टेप उचलून ड्राईव्हमध्ये घालतो. पंजात मावणारी एलटीओ-९ या प्रकारची एक टेप १८ टेराबाइट डेटा घेते, शिवाय खणात नुसती पडून असलेल्या टेपपर्यंत कुठला डेटा अडकवून खंडणी मागणारा व्हायरस सहजासहजी पोचत नाही, त्यामुळे जुनाट म्हणून नाकं मुरडायचं कारण नाही.

माझी तक्रार आहे ती या मशीनच्या दिव्यांबद्दल. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला आमच्या वॉचमन काकांचा फोन. "साहेब, मशीनवर पिवळा लागलाय अन् हिरवा लुकलुकतोय." म्हटलं कुठला पिवळा? तर म्हणाले, "चार आहेत एका रांगेत, डावीकडून मोजू का उजवीकडून?" म्हटलं काका, खाली काय छापलंय ते वाचा, तर छापलेलं इंग्रजी, तेही काळ्यावर करड्या रंगात आणि मुंगीएवढं. मी झोपेत, घाबरलो, सांगितलं बंद करा बटण. त्यांनी केलं. सकाळी जाऊन बघतो तर तो दिवा होता क्लीनिंगचा! ड्राईव्हचं हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, मळलंय, क्लीनिंग टेप घाला, एवढंच ते मशीन सांगत होतं, आणि लुकलुकणारा हिरवा म्हणजे काम चालू आहे. चालू बॅकअप मधेच तुटला तो माझ्यामुळे, काकांचा यात काडीचाही दोष नाही.

मग मी एक कागद लिहून रॅकच्या दारावर डकवला. हिरवा लुकलुकला तर हात लावू नका. पहिला पिवळा, साफसफाई, सकाळी सांगितलं तरी चालेल. दुसरा पिवळा, बहुतेक एखादी टेप खराब, तेही सकाळी. तिसरा लागला तर मात्र मशीनच अडकलंय, लगेच फोन. आता तीन वेगळ्या गोष्टींना एकच रंग देणाऱ्याला काय म्हणावं? आणि रंग वेगळे दिले असते तरी आमच्या टीममधल्या एकाला लाल-हिरवं सारखंच दिसतं, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी मी शेवटी दिव्यांखाली १, २, ३, ४ चे स्टिकर लावले.

मागच्या बाजूची तर वेगळीच गंमत. तिथे कंट्रोलरचा, म्हणजे सगळं मशीन चालवणाऱ्या भागाचा, इथरनेट पोर्ट (नेटवर्कची केबल खोचायची जागा) असतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मशीनवर नजर ठेवायला, म्हणजे मॅनेजमेंटसाठी, आणि आमच्या मशीनला ड्राईव्हवरही अगदी तसाच एक आहे, तो फक्त सर्व्हिसवाल्यांचा. नव्या मुलाने केबल ड्राईव्हवाल्यात खोचली, लिंकचा हिरवा दिवा झकास लागला, आणि मॅनेजमेंटचं पेज काही उघडेना म्हणून बिचारा दुपारभर नेटवर्कवाल्यांशी भांडत बसला. तो हिरवा दिवा केबल जोडली गेली एवढंच सांगतो, बरोबर जागी जोडली का ते नाही. फायबरचं, म्हणजे प्रकाशातून डेटा नेणाऱ्या काचेच्या तारेचं, उलटं, जोडीतल्या दोन तारा अदलाबदल झाल्या की लिंकचा दिवा लागतच नाही. मग कोणीतरी हमखास म्हणतो थांब, लाईट येतेय का बघू, आणि तारेच्या टोकात डोळा घालतो. अहो, ८५० नॅनोमीटरचा लेझर असतो तो, डोळ्याला दिसत नाही आणि बघायचाही नसतो, तिथे टोपण लावून ठेवायचं असतं.

सर्व्हिसच्या इंजिनियरला म्हटलं मराठीत एक पत्रक द्या की, तर म्हणे मॅन्युअल ऑनलाईन आहे. ऑनलाईन आहे ते मलाही माहितीये, पण रात्री अडीचला त्या मशीनसमोर उभा असतो तो वॉचमन, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन.

तर बँका, हॉस्पिटलं, भोसरी-चाकणच्या कंपन्या, ज्यांच्याकडे हे धूड आहे त्यांनी पुढच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) वेळी सप्लायरकडून दिव्यांचा आणि पोर्टांचा मराठी तक्ता मागून घ्यावा. नाहीच दिला तर स्वतः लिहून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घ्यावा, कारण माझा साधा कागद एसीच्या वाऱ्याने आत्तापर्यंत दोनदा पडलाय.

आपला,
एक वाचक, वडगाव शेरी, पुणे